९६ सामने जिंकूनही घरीच बसलो, ताई

प्रिय ताई,

मी साउथ जर्सीत, चेरी हिलला राहतो. २००७ साली कंपनीनं पुण्याहून पाठवलं ते कायमचंच. २००८ मध्ये ऑफिसातल्या लोकांनी फिलीजच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या बेसबॉल टीमच्या, मॅचला नेलं आणि त्याच ऑक्टोबरात फिलीज वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकले. तेव्हापासून मी या टीमचा. एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी आमच्या किचनमध्ये रेडिओवर मॅच चालू असते.

यंदा, २०२५ मध्ये, ९६ सामने जिंकून प्लेऑफला (बाद फेरीला) आलो आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ३-१ असे हरून बाहेर. शेवटच्या मॅचमध्ये आमच्या पिचरनं (बेसबॉलमधल्या बॉलरनं) बॉल पहिल्या बेसवर टाकायचा सोडून होमकडे, म्हणजे बॅट्समन उभा राहतो तिकडे, भिरकावला आणि सगळं संपलं. मी ओरडलो, "एवढं साधं येत नाही? ह्याला कशाला पाळलाय?" रिमोट भिंतीवर आपटला. मग त्या पिचरच्या अकाउंटवर जाऊन नको नको ते लिहून आलो. तेव्हापासून धड झोप नाही. दिवाळीत पाहुण्यांसमोर तोंड पाडून बसलो. धाकटा भाऊ सिअॅटलजवळ रेडमंडला असतो, तो सिअॅटल मरिनर्सचा. नरक चतुर्दशीच्या रात्री तेही हरले. फोन केला तर म्हणतो, "तुला काय रे, तुझ्याकडे २००८ आहे. आमच्याकडे काय आहे?" मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून बोलणं बंद.

बायको म्हणते, "ना तो खेळ आपला, ना ती माणसं आपली." मुलगा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये, मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचिंग करतो. त्याचंही काहीतरी वेगळंच सुरू झालंय. शेवटच्या दोन मॅचना पोट दुखतं म्हणून गेला नाही. आता म्हणतो, पिचिंग नको, आउटफिल्डला, लांब सीमेकडे, उभा राहीन. एकूण घरात सुतक आहे. इतक्या चांगल्या टीमवर दरवर्षी हा अन्याय का? आणि मी हे बघणं सोडून द्यावं का?

— लाल टोपीवाला

प्रिय लाल टोपीवाले,

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी तुमच्या मुलाबद्दल. तुम्ही त्याचं पोटदुखीचं प्रकरण पत्राच्या शेवटी, घरातल्या इतर कटकटींबरोबर उरकून टाकलंय. मला ते पत्रातलं पहिलं वाक्य असायला हवं होतं असं वाटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवारची रात्र. प्लेऑफची मॅच. दहा वर्षांचा पोरगा, त्यात स्वतः पिचर. तो तुमच्या शेजारीच बसला असणार, दुसऱ्या दिवशी शाळा असली तरी. आता तिथून बघा. नऊ इनिंगनंतरही बरोबरी, म्हणून अकरावी इनिंग, स्कोअर १-१, दोन आउट, तिन्ही बेसवर डॉजर्सची माणसं. अँडी पाहेसनं मारलेला बॉल सरळ माउंडकडे, पिचरच्या उंचवट्याकडे, येतो. तुमचा पिचर ओरायन कर्करिंगला तो नीट पकडता येत नाही, पायाशी पडतो. बॅट्समन पोचायच्या आत उचलून पहिल्या बेसवर दिला की तिसरा आउट, इनिंग संपली. वेळ आहे, कॅचर (विकेटकीपरसारखा) रिअलम्यूटो तिकडेच हात करतोय. पण त्या क्षणी कर्करिंगला रन पुरा करायला होमकडे धावत येणारा माणूस दिसतो आणि तो घाईघाईत तिकडे फेकतो. थ्रो रिअलम्यूटोच्या आवाक्याबाहेर जातो, डॉजर्सचा विजयी रन होतो. मोसम खलास. आणि तुमच्या मुलाच्या कानावर त्याच्या बाबांचा आवाज येतो: एवढं साधं येत नाही? ह्याला कशाला पाळलाय?

पिचरनं चूक केली की बाबा काय म्हणतात, हे त्याला त्या रात्री कळलं. बरं, पिचरची जागा अशी की मैदानावरचा प्रत्येक खेळ त्याच्या हातून सुरू होतो, लपायला जागाच नाही. आउटफिल्डला उभं राहिलं की निदान दोन-दोन इनिंग बॉल येत नाही. त्याच्या पोटात खरोखर दुखत असेल, मुलांच्या पोटात भीतीनं दुखतंच. त्याला डॉक्टरकडे न्यायच्या आधी तुम्ही त्याच्याशी बोला.

काय बोलायचं? लांबलचक भाषण नको. "त्या रात्री मी त्या पिचरबद्दल जे बोललो ते वाईट होतं. तू चुकलास तर मी तुझ्याबद्दल असं कधी बोलणार नाही. आणि त्याच्याबद्दलही बोलायला नको होतं." एवढं पुरे. तो इंग्रजीत विचार करत असेल तर इंग्रजीत बोला. "पण तूसुद्धा समजून घे ना, बाबांना किती वाईट वाटलं" ही पुरवणी जोडू नका. आपल्याकडच्या वडिलांना मुलांची माफी मागताना ही पुरवणी जोडल्याशिवाय चैन पडत नाही.

मग त्याच्याबरोबर त्या खेळाचा व्हिडिओ परत बघा, पण बॉल सुटल्यानंतर बंद करू नका. कर्करिंग गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला आहे. उजव्या कोपऱ्यातून निक कास्तेयानोस धावत त्याच्याकडे येतो. मॅनेजर रॉब थॉमसन डगआउटमधून निघतो तो थेट त्याच्याकडे जातो, त्याला धरतो. ज्यांचा मोसम त्या थ्रोमुळे संपला, त्या माणसांनी पहिली गोष्ट काय केली? कोणीही हातवारे केले नाहीत. नंतर तो २४ वर्षांचा मुलगा पत्रकारांसमोर उभा राहिला, प्रश्नांना उत्तरं दिली. तुमच्या मुलाला पिचिंगबद्दल जे काही शिकायचंय त्यातलं बरंच त्या दोन मिनिटांत आहे. तुम्हालाही.

वसंतात त्याला आउटफिल्डलाच उभं राहायचं असेल तर राहू दे. मॅचनंतर गाडीत बसल्यावर मॅचबद्दलचा पहिला शब्द त्याचा असू दे. तो बोलला नाही तर घरी जाताना वाटेत पिझ्झा घ्या आणि पिझ्झ्याबद्दल बोला. पिचिंग परत आलं तर त्याच्या मर्जीनं येईल. नाही आलं, तरी काही बिघडत नाही.

कर्करिंगच्या अकाउंटवर जे लिहिलंय ते आजच काढून टाका. त्यानं वाचलं नसेल, हजारोंतलं एक असेल, ते सगळं खरं. तरी काढा. तुम्ही ज्या शहराचे चाहते म्हणवता त्या शहराला या बाबतीत जुना, वाईट इतिहास आहे. सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारलेलं हे गाव! १९९३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये फिलीजचा रिलीफ पिचर (सामन्याच्या शेवटी येणारा) मिच विल्यम्सच्या हातून आधी चौथा सामना गेला तेव्हाच त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मग सहाव्या सामन्यात टोरांटोच्या जो कार्टरनं त्याला होमरन, म्हणजे षटकारासारखा सीमापार फटका, मारून मालिकाच संपवली. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत विल्यम्स दुसऱ्या टीममध्ये होता.

पण त्याच गावानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये काय केलं आठवा. ३० कोटी डॉलरचा करार घेऊन आलेला ट्रे टर्नर चाचपडत होता, त्याच्याकडून ना बॅटिंग होत होती ना फील्डिंग. फिलाडेल्फियाच्या रिवाजाप्रमाणे हुर्यो उडायला हवी होती. त्याऐवजी अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो असा काही सुटला की विचारू नका, आणि यंदा तर नॅशनल लीगचा बॅटिंगचा मान त्यानंच मिळवला. टाळ्यांमुळे तो सुधारला असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण दोन्ही गोष्टी करून बघितलेल्या शहराचे तुम्ही चाहते आहात. कुठली निवडायची ते तुमच्या हातात होतं आणि अजूनही आहे.

आता तुमचा "अन्याय". इथे मी तुमच्या बाजूची नाही.

मागच्या चार वर्षांचा हिशोब मांडते, तुम्हाला तो तोंडपाठ असणार, पण तुम्ही तो एका ओळीत कधी वाचला नसावा. २०२२: ८७ विजय, थेट वर्ल्ड सिरीज. २०२३: ९० विजय, त्याच्या आधीच्या फेरीत, घरच्या मैदानावर सातव्या सामन्यात हार. २०२४: ९५ विजय, त्याहून आधीच्या, पाच सामन्यांच्या डिव्हिजन सिरीजमध्येच न्यूयॉर्कच्या मेट्सनी गुंडाळलं. २०२५: ९६ विजय, पुन्हा डिव्हिजन सिरीज. उन्हाळा जसजसा चांगला जात गेला तसतसा तुमचा ऑक्टोबर आखूड होत गेला.

२०२२ मध्ये डिव्हिजन सिरीजला तुमच्यासमोर कोण होतं? अटलांटा. त्यांचे विजय १०१, तुमचे ८७. तब्बल १४ सामन्यांचा फरक, आणि तुम्ही त्यांना चार सामन्यांत घरी पाठवलंत. पुढच्या वर्षी ते १०४ जिंकून आले, तुम्ही ९०. पुन्हा ३-१. तेव्हा फिलाडेल्फियाच्या ब्रॉड स्ट्रीटवर पोरं विजेच्या खांबांवर चढत होती, पोलीस खांबांना ग्रीस फासत होते आणि तुम्ही किचनमध्ये नाचत होतात. त्या दोन्ही ऑक्टोबरांत अटलांटाच्या एखाद्या उपनगरात तुमच्यासारखाच कोणी एक मराठी माणूस भिंतीकडे बघत बसला असेल. त्याच्यावर अन्याय झाला असं तुम्हाला तेव्हा वाटलं होतं का?

वाटण्याचं कारणही नव्हतं. बेसबॉलमध्ये चांगली टीम म्हणजे काय? तुमची यंदाची टीम ९६ जिंकली म्हणजे ६६ हरली. त्या ६६ पैकी किती रात्री तुम्ही रिमोट फेकलात? डॉजर्स ९३ जिंकले. सहा महिन्यांत तुमच्यात आणि त्यांच्यात तीन सामन्यांचं अंतर होतं. आणि ते गतविजेते होते. १६२ सामन्यांत थोडासा सरसपणा हळूहळू साचत जातो आणि शेवटी तक्त्यात दिसतो. पाच सामन्यांत तो साचायला वेळच कुठे आहे?

तुम्ही इंजिनिअर दिसता, म्हणून आकडेमोडच करून दाखवते. समजा तुमची टीम समोरच्यापेक्षा चांगली आहे, इतकी की प्रत्येक सामना जिंकण्याची तिची शक्यता शंभरात ५५. बेसबॉलमध्ये दोन तगड्या टीमांत हे अंतर कमी नाही. तर पाच सामन्यांची मालिका ती जिंकेल याची शक्यता ५९ टक्के येते, सात सामन्यांची ६१ टक्के. पहिल्या फेरीची सूट मिळालेल्या टीमलाही अशा तीन मालिका ओळीनं जिंकाव्या लागतात: एक पाचची, दोन सातच्या. गुणाकार करा, शंभरात २२ येतात. म्हणजे दरवर्षी समोरच्या प्रत्येक टीमपेक्षा सरस असूनही पाचातली चार वर्षं तुम्ही हरूनच झोपणार. २०२२ चे डॉजर्स १११ सामने जिंकून ८९ वाल्या सॅन डिएगोकडून हरले ते याच हिशोबात बसतं. आयपीएलमध्ये पहिल्या दोन टीमांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते. इथे तसली सोय नाही.

शिवाय ऑक्टोबरात खेळ बदलतो. उन्हाळाभर पाच पिचर आळीपाळीनं सामने सुरू करतात. प्लेऑफमध्ये मधे सुट्ट्या असतात, तीन-चार जणांवर भागतं, आणि ज्याच्याकडे ते तीन-चार धडधाकट असतील त्याचं फावतं. तुमचा मुख्य पिचर झॅक व्हीलर रक्ताच्या गुठळीमुळे ऑगस्टपासून बाहेर. तिकडे डॉजर्सनी रोकी सासाकीला, जो मुळात सामना सुरू करणारा पिचर, शेवटच्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला आणला आणि त्यानं तीन इनिंगमध्ये तुमच्या एकाही माणसाला बेसवर येऊ दिलं नाही. तुमचा बॅट्समन काइल श्वार्बरचे मोसमातले ५६ होमरन त्या वेळी कुठल्या खात्यात जमा करणार? मॅच कर्करिंगनं हरवली म्हणता; तुमच्या बॅटिंगनं अकरा इनिंगमध्ये एकच रन केला होता, त्याचं काय?

तेव्हा हरल्याचं दुःख करा, जरूर करा, पण त्याला अन्याय म्हणू नका. अन्याय म्हटलं की कोणीतरी अपराधी लागतो. तो सापडला नाही की २४ वर्षांचा पिचर सापडतो, रिमोट सापडतो, बायको सापडते.

दुःखाबद्दल मात्र तुमच्या बायकोचं म्हणणं मला पटत नाही. "ना तो खेळ आपला, ना ती माणसं आपली." वहिनी, हे तुमच्यासाठी. २००८ च्या त्या आठवड्यात तुमचे यजमान या देशात नवे होते. सोमवारी रात्री वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना पावसामुळे अर्ध्यावर थांबला. मंगळवारी लक्ष्मीपूजन. बुधवारी उरलेला सामना खेळून फिलीज जिंकले आणि शुक्रवारी अख्खं शहर ब्रॉड स्ट्रीटवर मिरवणुकीला उतरलं. घरापासून हजारो मैलांवर दिवाळी एकट्यानं काढलेल्या माणसाला त्या आठवड्यात एका शहरानं आपल्यात घेतलं. माणूस ते विसरत नाही. आणि खेळ आपला असला की शहाणपण येतं असंही नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला, दहाच्या दहा सामने जिंकून आलेला भारत अहमदाबादला फायनल हरला, तेव्हा तुमच्या माहेरीसुद्धा कोणीतरी न जेवता झोपलं असेल.

दुसरं असं की, लाल टोपीवाले, तुम्हाला नुसती हार खात नाहीये. एप्रिलपासून रोज संध्याकाळी तुमच्या किचनमध्ये रेडिओवरचे समालोचक स्कॉट फ्रान्झ्के आणि त्याचे जोडीदार बोलत होते. भाजी फोडणीला पडताना, भांडी डिशवॉशरमध्ये लागताना, मुलाचा गृहपाठ चालू असताना. सहा महिने. निम्म्या वेळा तुम्ही नीट ऐकतही नसाल. टीम हरली त्याच रात्री तो आवाजही बंद झाला. प्लेऑफला पोचलेल्या १२ पैकी ११ टीमांचा शेवटचा सामना हरलेलाच असतो, त्यामुळे चाहत्याला हार आणि शुकशुकाट एकाच वेळी गाठतात आणि दोन्ही एकच वाटतात. मग नोव्हेंबरात घड्याळं मागे जातात, पाचच्या आत अंधार. झोप न लागण्यात याचाही वाटा आहे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या ईगल्सनं, फिलाडेल्फियाच्या फुटबॉल टीमनं, ही जागा भरत नाही. सात ते दहा या वेळेत दुसरं काहीतरी रोजचं ठेवा, अगदी साधं. मुलाबरोबर पत्ते चालतील, जेवणानंतर दोघांनी फेरी मारणं चालेल. वहिनींना विचारा, त्यांच्याकडे यादी तयार असेल.

त्यांची खरी तक्रार बेसबॉलबद्दल नसावी. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांचा २०११ चा एक अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांकडच्या घरगुती मारहाणीच्या नोंदी शेजारी ठेवल्या. जिंकणार असं सगळे धरून चाललेली घरची टीम हरली, की पुरुषांनी घरात बायकोवर, मैत्रिणीवर हात उचलण्याच्या नोंदी साधारण १० टक्क्यांनी वाढतात. सामना अटीतटीचा होणार हे आधीच ठाऊक असेल तर त्या हारीनं तसा फरक पडत नाही. म्हणजे हारीपेक्षा, "आम्ही जिंकायलाच हवं होतं" या समजुतीचा राग मोठा असतो.

तुम्ही घरात कोणावर हात उचललात असं मी सुचवत नाही. पण रिमोट ज्या भिंतीवर आपटला त्या खोलीत आणखी दोन माणसं होती, आणि तो पुढे कुठे जाईल हे त्या क्षणी त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनींशी याबद्दल बोला, टीमबद्दल नको. पुढच्या ऑक्टोबरात डोकं तापायला लागलं की उठायचं, इअरफोन लावायचे, रेडिओ ऐकत गल्लीत चालायचं. थंडी असते, डोकंही थंड राहतं. आणि फेकाफेक पुन्हा झाली, किंवा ती बेसबॉलशिवायही होत असेल, तर माझ्यासारख्या सदर लिहिणारीला पत्र पुरणार नाही, समुपदेशकाकडे जा. मंडळातल्या कोणाला कळेल याची भीती असेल तर मंडळाबाहेरचा शोधा.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी विचारते. पैसे लावता का? न्यू जर्सीत २०१८ पासून ते कायदेशीर आहे, मॅचच्या दर दोन इनिंगमध्ये जाहिरात येते, आणि फक्त खेळापायी आठवडेच्या आठवडे झोप उडालेले लोक मी कमी पाहिलेत. उत्तर "नाही" असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. "थोडेसेच" असेल तर किती ते वहिनींना आकड्यात सांगा. सांगता येत नसेल तर १-८००-गॅम्बलर या मदत क्रमांकावर फोन करा.

आता भाऊ. त्याच्या बाबतीत तुम्ही चुकलात आणि तो बरोबर आहे. ३० टीमांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली एकच टीम आहे, ती त्याची. १९७७ पासून. २००१ मध्ये त्यांनी ११६ सामने जिंकले, आणि न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्यांना पाच सामन्यांत बाहेर काढलं. त्यानंतर थेट यंदा त्यांनी त्यांची डिव्हिजन, म्हणजे लीगमधला त्यांचा गट, जिंकली. कॅल रॅली नावाच्या कॅचरनं ६० होमरन मारले, कॅचरनं! वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत, सातव्या सामन्यात ते ३-१ नं पुढे होते, वर्ल्ड सिरीज आठ आउटवर होती, आणि टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरनं एका फटक्यात तीन रन घेतले. तुम्ही त्या रात्री त्याला फोन केलात तो त्याचं ऐकायला केलात की आपलं सांगायला? खरं सांगा.

दुःखात मोठं कोण हा वाद भावाभावांत घालायचा नसतो, आणि घातलाच तर या वर्षी तो जिंकलाय. मोठे तुम्ही, तेव्हा फोन तुम्हीच करायचा. तिकडे घड्याळ तीन तास मागे आहे, त्यांची जेवणं उरकल्यावर करा. "हरलात रे, फार वाईट झालं" एवढं म्हणा आणि गप्प बसा. स्प्रिंगरच्या वेळी माउंडवर कोणाला ठेवायला हवं होतं यावर तो अर्धा तास बोलेल. बोलू दे. टोरांटोवाले नंतर वर्ल्ड सिरीज जिंकायला दोन आउट कमी असताना डॉजर्सच्या रोहासच्या होमरननं अडकले आणि हरले, हे सांगून त्याची समजूत काढू नका, दुसऱ्याच्या हारीनं आपली भरून निघत नाही. बरं, सांगा. थोडी निघते.

राहिला शेवटचा प्रश्न, बघणं सोडावं का. विचारून तर मोकळे झालात, पण तुम्ही सोडणार नाही. सोडायचं असतं तर ९६ आणि ३-१ हे आकडे पत्रात आलेच नसते. २०२५ च्या मोसमानंतर श्वार्बर फ्री एजंट झाला होता, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा, आणि रिअलम्यूटोही झाला होता. अशा वेळी कोण राहतो आणि कोण जातो याची बातमी येते तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलेला माणूस कोण असतो ते मला इथे बसून दिसतंय. तुमचा कोणी लाडका खेळाडू गेलाच, तर ते रडगाणं मला लिहू नका, सरळ रेडमंडला फोन लावा.

— ताई